सीट धरणारा

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
पावणेसहाला, मार्वे रोडवर, नौदलाच्या भिंतीपाशी
मी लोकांची सीट धरून उभा असतो.

कोणाला सांगितलं तर हसू येतं.
पण बूट पेडलला अडकवून
दोन्ही पाय वर घेतलेला माणूस
जमिनीचा राहिलेला नसतो, रस्त्याचा झालेला नसतो.
तेवढं अर्धं मिनिट तो माझा असतो.

हाताला कळतं.
दाबीर, दातांचा डॉक्टर, ओठांत श्वास मोजतो.
घरत डावीकडे रेलतो, सांगून दमलो.
परेराबाबांचं वजन यंदा निम्म्यावर आलंय,
क्लबात कोणी विचारत नाही, तेही सांगत नाहीत.
फक्त दर वेळी म्हणतात,
"ढकलू नको हां. ढकललं तर बाद."

पाच, चार, तीन.
ढकलायचं नसतं, सोडायचं असतं.
या दोन क्रियापदांत केवढं अंतर आहे
हे शिकायला मला एक गुडघा घालवावा लागला.

मिनिटामिनिटाने एकेक सुटतो.
बारा किलोमीटर. मढच्या धक्क्यापाशी
निळ्या पिंपाला वळसा, आणि परत.
शर्यत म्हणावी तर शेजारी कोणी नाही.
वाटेत खाडीचा आडवा वारा,
वलांडीवरच्या बोंबलांचा वास,
एरंगळचा खड्डा, दर वर्षी बुजतो, दर वर्षी उगवतो,
आणि बेस्टची पहिली बस,
जी कोणासाठी थांबत नाही, थांब्यासाठीसुद्धा.

घड्याळ एकच. ज्याची त्याची सुटायची वेळ
वजा करत राहायचं. वजाबाकी मला बरी जमते.

वहीच्या पहिल्या पानावर एक आकडा आहे.
वीस मिनिटं चौदा सेकंद.
माझा. नऊ वर्षांपूर्वीचा.
मी तो कोणाला दाखवत नाही.
वही मात्र मीच सांभाळतो.

आज हेमांगी किणी.
एकोणीस वर्षांची, सायकल मामाची,
हँडलला क्रिकेटच्या बॅटची ग्रिप गुंडाळलेली.
तिची सीट धरली तर हाताला काही लागलंच नाही,
थरथर नाही, भार नाही,
रिकामी सायकल धरल्यासारखं.
सोडली,
आणि हात तसाच हवेत राहिला.

ती परत वळणावर दिसली तेव्हा
वजा जाता एकोणीस चाळीस.
म्हटलं, वारा आहे.
एकोणीस पंचावन्न. म्हटलं, खड्डा.
पण खड्डा केव्हाच मागे पडला होता.

बटण माझ्या अंगठ्याखाली.
अंगठ्याला चार सेकंद उशीर झाला असता
तर कोण विचारणार होतं?
वय, चष्मा, पहाटेचा उजेड,
एका अंगठ्याला इतकी कारणं पुरून उरतात.

रेषा.
वीस अकरा.

मी दाबलं असं म्हणणार नाही. अंगठ्याने दाबलं,
मी अजून विचारच करत होतो.

ती हँडलवर पालथी, घाम टपटप टायरवर.
"किती, काका?"
सांगितलं.
"ती बस मध्ये आली नसती तर अजून झालं असतं,"
म्हणाली, आणि केळं मागितलं.

लिहायला घेतलं तर माझं पेन उठेना.
घरतचं घेतलं. त्याचं जांभळं आहे.

आता सगळे आलेत. चहा संपला,
उसळीच्या पातेल्यात पळी खरवडतेय.
परेराबाबा यायचेत.
घरत म्हणतो, घड्याळ बंद करा,
स्कूटर घेऊन बघून येतो.
बघून ये, म्हटलं. घड्याळ राहू दे.

एकेचाळीस मिनिटं. बेचाळीस.
ऊन भिंतीवरून खाली उतरतंय.
हेमांगी वळणाकडे तोंड करून उभी, केळ्याचं साल हातातच.
लांबून काहीतरी पिवळं येतंय.
टेम्पो निघाला.

वजाबाकी चालू आहे.
अंगठा बटणावर.